आयकर रिफंडवर मिळालेलं व्याज : कर लागतो का, किती आणि कोणत्या वर्षी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विवरणपत्रांचा हंगाम सुरू झाला की माझ्या टेबलावर पासबुकांची चळत साठते. एफडीचं व्याज लोक न विचारता सांगतात, कारण त्यावर टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारात भरलेला कर) कापलेला असतो. रिफंडवर आलेलं व्याज मात्र दहातले आठ जण सांगत नाहीत. लबाडी म्हणून नाही, तर आपल्याला असं काही व्याज मिळालंय हेच त्यांना ठाऊक नसतं. खालचे प्रश्न अशाच बैठकांमधून गोळा झालेले आहेत.

रिफंड म्हणजे माझेच पैसे परत आले. त्यावर पुन्हा कर कसला?

रिफंडवर कर नाहीच. जास्त कापला गेलेला किंवा जास्त भरलेला कर परत आला, तर ते उत्पन्न होत नाही. शंभराची नोट देऊन वीस रुपये सुटे परत घ्यावेत, तसं ते आहे. ज्या पगारातून किंवा व्याजातून तो कर गेला होता, ते उत्पन्न तुम्ही आधीच पूर्ण दाखवलेलं असतं.

पण ते पैसे काही महिने सरकारकडे पडून होते, त्याबद्दल सरकार तुम्हाला व्याज देतं. हे व्याज नवं उत्पन्न आहे आणि ते 'इतर स्रोतांतील उत्पन्न' या शीर्षाखाली तुमच्या स्लॅबनुसार करपात्र आहे. कलम १० मध्ये करमाफ उत्पन्नांची लांबलचक यादी आहे. त्यात हे व्याज बसत नाही.

पासबुकात एकच आकडा आहे. त्यातलं व्याज कोणतं ते कसं ओळखायचं?

सगळा घोळ इथेच आहे. बँकेच्या नोंदीत 'आयटीडी टॅक्स रिफंड', पुढे वर्ष आणि तुमचा पॅन एवढंच असतं. मूळ रक्कम आणि व्याज एकत्रच जमा होतात. त्या नोंदीतलं वर्ष हे मूल्यांकन वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षाच्या पुढचं, कर ठरवण्याचं वर्ष) असतं, आर्थिक वर्ष नव्हे. तिथेही लोक फसतात.

फोड पाहायची असेल तर कलम १४३(१) खालची इंटिमेशन, म्हणजे विवरणपत्र तपासून विभागाने पाठवलेली सूचना, उघडा. बंगळुरूच्या सीपीसीकडून (विभागाचं केंद्रीय प्रक्रिया केंद्र) ईमेलने येते ती पीडीएफ. पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख. आत दोन रकाने शेजारी शेजारी असतात : तुम्ही भरलेला आकडा आणि विभागाने काढलेला आकडा. अगदी खाली रिफंडच्या हिशोबात कलम २४४ए खालच्या व्याजाची वेगळी ओळ असते. तीच आपल्या कामाची.

इंटिमेशन सापडत नसेल तर साधी वजाबाकी करा. बँकेत आलेल्या रकमेतून विवरणपत्रात मागितलेला रिफंड वजा केला की उरतं ते व्याज. अट एवढीच की विभागाने तुमच्या आकड्यात काही फेरफार केलेला नसावा. पडताळणीसाठी आयकर पोर्टलवरचं एआयएस (वार्षिक माहिती विवरण) पण पाहून घ्या. तिथे रिफंडवरचं व्याज स्वतंत्र नोंद म्हणून दिसतं. तुम्हाला दिसतं म्हणजे विभागाला आधीच दिसलेलं असतं.

व्याजाचा दर काय?

महिन्याला अर्धा टक्का, म्हणजे वर्षाला सहा टक्के. सरळव्याज. महिन्याचा एक दिवस जरी लागला तरी तो पूर्ण महिना धरतात.

१९८९ साली कलम २४४ए आलं तेव्हा हाच दर महिन्याला दीड टक्का होता. नंतर एक टक्का, पाऊण टक्का, दोन तृतीयांश असा उतरत उतरत ८ सप्टेंबर २००३ पासून अर्ध्या टक्क्यावर आला आणि तिथेच थांबला. त्याच तारखेपासून आपण कर उशिरा भरला तर सरकार आपल्याकडून घेतं ते व्याज महिन्याला एक टक्का आहे. म्हणजे घेताना बारा आणि देताना सहा! यावर अशिलाने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या की मीही उंचावतो. कायदा बदलणं माझ्या हातात नाही.

एक हिशोब करून दाखवा.

साताऱ्याच्या एका खासगी कार्यालयातले एक लेखनिक घेऊ. वय पन्नास, जुनी (वजावटी देणारी) करप्रणाली. त्यांनी विम्याचे हप्ते आणि मुलीची फी यांच्या पावत्या कार्यालयात वेळेवर दिल्या नाहीत, त्यामुळे आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये १,२०,००० रुपये टीडीएस कापला गेला. विवरणपत्रात वजावटी घेतल्यावर खरा कर निघाला ८३,५२० रुपये. रिफंड ३६,४८० रुपये.

विवरणपत्र १० सप्टेंबर २०२५ ला भरलं. त्या वर्षी मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती, म्हणून ते वेळेत धरलं गेलं. रिफंड डिसेंबरात मंजूर झाला. वेळेत भरलेल्यांना व्याज मूल्यांकन वर्षाच्या १ एप्रिलपासून मिळतं. एप्रिल ते डिसेंबर, नऊ महिने.

व्याज काढताना मुद्दलातली शंभराच्या आतली रक्कम सोडून देतात. नियम ११९ए तसं सांगतो. म्हणजे ३६,४०० वर महिन्याला १८२ रुपये. नऊ महिन्यांचे १,६३८. बँकेत जमा झाले ३८,११८.

या ३८,११८ पैकी ३६,४८० विसरून जा. उरलेले १,६३८ उत्पन्नात धरायचे. लेखनिकांचा स्लॅब वीस टक्क्यांचा, त्यामुळे कर ३२८ रुपये, त्यावर चार टक्के सेस (उपकर), मिळून सुमारे ३४१ रुपये. हातात राहिलं तेराशेच्या आसपास.

माझ्या सहकाऱ्याला व्याज मिळालं, मला एक पैसाही नाही. असं का?

बहुतेक वेळा कारण दहा टक्क्यांची अट असते. टीडीएस, टीसीएस (विक्रेत्याने गोळा केलेला कर), आगाऊ कर किंवा स्वयंमूल्यांकन करातून (विवरणपत्राआधी स्वतः हिशोब करून भरलेला उरलेला कर) निघालेला रिफंड ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याज देत नाहीत. वरच्या लेखनिकांचा कर ८३,५२० होता. त्यांचा रिफंड ८,३५२ पेक्षा कमी असता तर त्यांनाही नुसतं मुद्दल मिळालं असतं.

दुसरं कारण, विवरणपत्र मुदतीनंतर भरलेलं असणं. मग व्याज १ एप्रिलपासून नव्हे, विवरणपत्र भरल्याच्या तारखेपासून धरतात. डिसेंबरात भरून जानेवारीत रिफंड मिळाला तर दोन महिन्यांचं व्याज, संपलं. विवरणपत्र भरण्याआधी स्वतः चलन काढून जास्तीचा स्वयंमूल्यांकन कर भरला असेल तर चलनाची तारीख आणि विवरणपत्राची तारीख यांतली नंतरची धरायची.

तिसरं कारण जरा कटकटीचं. उशीर तुमच्यामुळे झाला असेल, तर तेवढा काळ वगळण्याची मुभा कलम २४४ए(२) ने दिली आहे. बँक खातं पॅनशी जुळत नसणं, पोर्टलवर खात्याची पूर्वपडताळणी केलेली नसणं, अशा गोष्टींनी रिफंड अडकतो आणि मग खोळंबा नेमका कोणामुळे, असा वाद सुरू होतो. हल्ली बँकांची विलीनीकरणं झाल्यापासून जुने आयएफएससी कोड हे यातलं मोठं दुखणं आहे. विवरणपत्र भरण्याआधी पोर्टलवरच्या बँक खात्यापुढे 'प्रमाणित' दिसतंय ना, एवढं बघून घ्या.

हे व्याज कोणत्या वर्षाचं उत्पन्न? रिफंड ज्या वर्षाचा त्या वर्षाचं की मिळालं त्या वर्षाचं?

मिळालं त्या वर्षाचं. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

लेखनिकांचा रिफंड आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या कराचा होता. पण व्याज मंजूर होऊन हातात आलं डिसेंबर २०२५ मध्ये, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये. त्यामुळे ते पुढच्या विवरणपत्रात दाखवायचं. ज्या विवरणपत्रातून हा रिफंड निघाला ते तर व्याज येण्याआधीच दाखल झालेलं होतं. त्यात ते लिहिणार कसं?

रिफंड दोन-तीन वर्षं रखडून आला तरी नियम हाच. तीन वर्षांचं व्याज एकदम आलं म्हणून ते तीन वर्षांत वाटून दाखवता येत नाही. पगाराच्या थकबाकीला कलम ८९ ची सवलत आहे, तशी इथे नाही.

'पण विभाग उद्या छाननी करून हा रिफंडच काढून घेईल. मग आज त्यावर कर का भरू?' असा मुद्दाही मांडला जातो, आणि तो काही वेडगळ नाही. आयकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबईतल्या विशेष पीठासमोर अवाडा ट्रेडिंग कंपनीच्या प्रकरणात हाच प्रश्न आला होता. २००६ मध्ये पीठाने सांगितलं की प्राथमिक प्रक्रियेत मिळालेलं व्याज हे मिळालं त्याच वर्षी करपात्र आहे. पुढे ते कमी झालं तर त्या वर्षाचं उत्पन्न दुरुस्त करून घ्यावं. आम्ही आजही त्याच वाटेने जातो.

व्यापारी पद्धतीने, म्हणजे येणं झालं की नोंद या तत्त्वावर वह्या लिहिणाऱ्या कंपन्यांनीही रिफंडचा आदेश निघाला ते वर्ष धरावं. आदेशाआधी किती रक्कम येणार हेच ठरलेलं नसतं.

आयटीआरमध्ये (विवरणपत्राच्या फॉर्ममध्ये) नेमकं कुठे भरायचं?

'इतर स्रोतांतील उत्पन्न' मध्ये. आयटीआर-१ आणि ४ मध्ये तिथे उघडणाऱ्या यादीत बचत खात्यावरचं व्याज, ठेवींवरचं व्याज आणि आयकर रिफंडवरचं व्याज असे वेगवेगळे पर्याय येतात. तिसरा निवडा. आयटीआर-२ आणि ३ मध्ये ओएस (इतर स्रोत) अनुसूचीत त्याची स्वतंत्र ओळ आहे.

बरेच जण कंटाळून ते बचत खात्याच्या व्याजात मिसळून टाकतात. तसं करू नका. मिसळलं की ८०टीटीए ची दहा हजारांची किंवा ज्येष्ठांसाठी ८०टीटीबी ची पन्नास हजारांची वजावट नकळत त्यावरही घेतली जाते. या वजावटी बँक, पोस्ट आणि सहकारी बँकेतल्या पैशांवरच्या व्याजासाठी आहेत. आयकर विभाग ही काही बँक नाही, आणि आपण तिथे हौसेने ठेव ठेवलेली नसते.

छोट्या धंद्यावर कलम ४४एडी खाली अंदाजित नफा दाखवणाऱ्यांनीही हे व्याज उलाढालीत ढकलू नये. ते वेगळंच येतं.

यावर टीडीएस तर कापलेला नाही. मग ते करपात्र कसं?

टीडीएस कापणं आणि उत्पन्न करपात्र असणं यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे वाक्य मी वर्षाला शंभरदा म्हणत असेन. आयकर कायद्याखाली केंद्र सरकार निवासी व्यक्तीला जे व्याज देतं ते कलम १९४ए च्या टीडीएसमधून स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. म्हणून कापत नाहीत. कर आपणच भरायचा. घरभाडं देणारा साधा भाडेकरू टीडीएस कापत नाही म्हणून भाडं करमुक्त होत नाही, तसंच.

रिफंड हातात आलाच नाही. जुन्या वर्षाच्या मागणीत वळता करून घेतला. तरी व्याज दाखवायचं?

हो. कलम २४५ खाली विभाग तुमचा रिफंड जुन्या थकबाकीत वळता करू शकतो, पण आधी तुम्हाला कळवावं लागतं. वळता झालेल्या रकमेत व्याजही असेल तर ते तुम्हाला मिळून तुम्ही थकबाकी फेडली असंच धरतात. बँकेत एक रुपया न येताही उत्पन्न झालं, हे पटायला जड जातं, मान्य आहे.

अशा वेळी इंटिमेशन जपून ठेवाच. बँकेत नोंद नाही, मग वर्षभराने हा आकडा आठवणार कोणाला? आणि ती जुनी मागणीच चुकीची असेल, जी बऱ्याचदा जुन्या टीडीएसची नोंद न जुळल्याने उभी राहिलेली असते, तर कळवल्याच्या मुदतीत पोर्टलवर असहमती नोंदवा. एका निवृत्त बाईंच्या बाबतीत पंधरा वर्षांपूर्वीची बाराशे रुपयांची मागणी दर साली रिफंड अडवत होती. जुना फॉर्म १६ (नोकरीतल्या टीडीएसचं प्रमाणपत्र) माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला तेव्हा सुटका झाली.

व्याज मिळालं, कर भरला, आणि दोन वर्षांनी विभागाने रिफंडचाच काही भाग परत मागितला. आता?

रिफंड कमी झाला की त्यावरचं व्याजही त्या प्रमाणात कमी होतं. शिवाय जास्त मिळालेल्या रिफंडवर कलम २३४डी खाली महिन्याला अर्धा टक्का व्याज तुमच्याकडून घेतलं जातं. म्हणजे आलेलं व्याज गेलंच, वर पदरचं द्यावं लागलं.

परत गेलेल्या व्याजावर भरलेला कर मात्र सोडून देऊ नका. ज्या वर्षी ते उत्पन्नात दाखवलं होतं त्या वर्षाचं सुधारित विवरणपत्र भरायची मुदत असेल तर ते भरा. नसेल तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज. त्याला आदेशाच्या आर्थिक वर्षाअखेरीपासून चार वर्षांची मुदत असते. अर्जासोबत दोन्ही आदेश जोडा, व्याज दिल्याचा आणि काढून घेतल्याचा. नुसतं पत्र लिहून काम होत नाही, हे अनुभवाने सांगतो.

मी उशिरा कर भरल्याबद्दल विभागाला व्याज दिलं. ते या व्याजातून वजा करता येईल?

नाही. कराच्या उशिरापोटी दिलेलं व्याज हे कराचंच शेपूट मानलं जातं आणि त्याची वजावट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये भारत कॉमर्स अँड इंडस्ट्रीजच्या प्रकरणात असंच सांगितलं. आलेलं करपात्र आणि दिलेलं वजावटीत नाही, हा न्याय कानाला बरा लागत नाही. रिफंड मिळवण्यासाठी वकिलाची फी दिली असेल तर कलम ५७ खाली (इतर स्रोतांतल्या उत्पन्नातून मिळणाऱ्या वजावटी) ती मागण्याचा प्रयत्न काही जण करतात. पण ती फी मुळात कर वाचवण्यासाठी होती की व्याज मिळवण्यासाठी, या प्रश्नावर दावा अडतो. पगारदार माणसाने त्या फंदात पडू नये.

आमची जमीन महामार्गात गेली, तेव्हा वाढीव मोबदल्याच्या व्याजावर पन्नास टक्के वजावट मिळाली होती. इथे मिळेल?

मिळणार नाही. ती निम्मी वजावट कलम ५७ मध्ये फक्त भरपाईवरच्या आणि वाढीव भरपाईवरच्या व्याजासाठी दिलेली आहे. पण त्या मोबदल्यावर टीडीएस कापला गेला, तो रिफंड म्हणून परत आला आणि त्यावर २४४ए चं व्याज मिळालं, असं झालं असेल तर हातात दोन वेगळी व्याजं असतात. पहिल्यावर निम्मी वजावट, दुसरं पूर्ण करपात्र. समृद्धी महामार्गासारख्या मोठ्या संपादनांनंतर नाशिक, छत्रपती संभाजीनगर, बुलढाणा भागातून हा प्रश्न वाढला आहे.

नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत कर शून्य. मग ते दाखवून काय फरक पडतो?

बहुतेकांना पडत नाही. पण दाखवायचं असतंच, आणि काठावर असलेल्यांना चांगलाच पडतो.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम ८७ए ची सूट आहे. समजा तुमचं उत्पन्न ११,९९,००० आहे आणि हे १,६३८ विसरलात. धरले तर १२,००,६४० होतात. सुदैवाने इथे सीमावर्ती सवलत आहे, म्हणजे बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न गेलं त्याहून जास्त कर लागत नाही. ६४० रुपये आणि सेस, एवढ्यावर भागतं.

जुन्या प्रणालीत मात्र ही गादी नाही. तिथली मर्यादा पाच लाख. साठ वर्षांखालच्या माणसाचं उत्पन्न ४,९९,५०० असेल तर कर शून्य. त्यात १,६३८ मिळवले की ५,०१,१४०, सूट पूर्ण गेली आणि सेससकट कर १३,२४० रुपये. सोळाशे रुपयांच्या व्याजापायी तेरा हजारांचा कर! असा माणूस समोर आला की मी पहिल्यांदा नव्या प्रणालीचा हिशोब मांडतो. धंद्याचं उत्पन्न नसेल तर दरवर्षी मुदतीत विवरणपत्र भरून प्रणाली बदलता येते.

आमच्या गृहनिर्माण सोसायटीला रिफंडवर व्याज मिळालं. ८०पी ची वजावट लागू होते ना?

कलम ८०पी(२)(डी) ची वजावट दुसऱ्या सहकारी संस्थेत केलेल्या गुंतवणुकीच्या व्याजावर किंवा लाभांशावर आहे. जिल्हा बँकेतल्या ठेवीचं व्याज त्यात बसवून सोसायट्या निश्चिंत असतात. पण त्याच ठेवीवर कापलेल्या टीडीएसचा रिफंड आल्यावर त्याच्यासोबतचं व्याज केंद्र सरकारकडून येतं, सहकारी संस्थेकडून नव्हे. त्याला या वजावटीचा आधार नाही. सभासदांच्या देखभाल वर्गणीला परस्परतेचं तत्त्व (सभासदांनी आपल्याच संस्थेला दिलेले पैसे उत्पन्न नव्हेत) लागू होतं, ते इथे चालत नाही, कारण आयकर विभाग तुमच्या सोसायटीचा सभासद नाही.

ताळेबंदात चिटणीस साहेब पूर्ण रक्कम 'आयकर परतावा' या एकाच खात्यात जमा करून मोकळे होतात. तिथेच दोन नोंदी करा. आलेल्या रिफंडने 'येणे टीडीएस' खातं मिटवायचं, व्याज जमाखर्चाच्या पत्रकात न्यायचं.

आम्ही गोव्याचे. पती-पत्नीत हे व्याज वाटायचं का?

वाटायचं. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची सामाईक संपत्तीची पद्धत ज्या दाम्पत्यांना लागू आहे, त्यांचं पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न कलम ५ए नुसार निम्मं-निम्मं होतं. रिफंड पतीच्या पगारावर जास्त कापलेल्या टीडीएसचा असला, तरी त्यावरचं व्याज पगार नाही, इतर स्रोतांतलं उत्पन्न आहे. म्हणून त्याचा अर्धा भाग पत्नीच्या विवरणपत्रात जातो. कलम ५ए लागू असलेल्यांना साधा आयटीआर-१ चालत नाही, ५ए ची अनुसूची असलेला फॉर्म घ्यावा लागतो.

मुलगा परदेशात आहे. त्याच्या इथल्या रिफंडचं व्याज?

अनिवासी असला तरी हे व्याज भारतात उगम पावलेलं आहे, म्हणून भारतात करपात्र. तो राहतो त्या देशाशी आपला करार असेल तर व्याजाच्या कलमातला मर्यादित दर मागता येतो. ऑस्ट्रेलियाच्या क्लफ इंजिनिअरिंग कंपनीच्या प्रकरणात न्यायाधिकरणाच्या दिल्लीतल्या विशेष पीठाने २०११ मध्ये रिफंडवरचं व्याज धंद्याच्या नफ्यात न धरता कराराच्या व्याज कलमात बसवलं आणि कंपनीला पंधरा टक्क्यांचा दर मिळाला.

उलटा प्रश्न परत आलेल्या मंडळींचा असतो. अमेरिकेच्या आयआरएसने रिफंडवर दिलेलं व्याज तिथे करपात्र आहे. ब्रिटनमध्ये व्यक्तींना मिळणारं असं व्याज करमुक्त आहे. पण तुम्ही पुण्यात येऊन स्थायिक झालात आणि इथे पूर्ण निवासी ठरलात, तर जगभरचं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. तिकडची माफी विमानातून सोबत येत नाही.

रिफंड वर्षानुवर्षं रखडला. व्याजावर व्याज मिळतं का?

पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीने हा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. विभागाने द्यायचं व्याज बारा ते सतरा वर्षं थकवलं होतं. जानेवारी २००६ मध्ये न्यायालयाने विभागाचे कान उपटले आणि या दिरंगाईची भरपाई द्यायला लावली. मग सगळेच व्याजावर व्याज मागू लागले. २०१३ मध्ये गुजरात फ्लुओरो केमिकल्सच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केलं की सँडविकला मिळालेली भरपाई त्या प्रकरणापुरती होती, एरवी कायद्यात लिहिलेलंच व्याज मिळेल.

२०१६ च्या वित्त कायद्याने एक दिलासा दिला. अपिलात जिंकूनही अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत आदेशाची अंमलबजावणी केली नाही तर वर्षाला आणखी तीन टक्के, म्हणजे एकूण नऊ. हे जादा व्याजही तितकंच करपात्र आहे.

मागच्या वर्षी दाखवायचं विसरलो. आता?

सुधारित विवरणपत्राची मुदत असेल तर आजच भरा. ती उलटली असेल तर अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे जादा कर देऊन नंतर भरता येतं ते. मूल्यांकन वर्ष संपल्यापासून पहिल्या वर्षात भरलं तर कर-व्याजावर पंचवीस टक्के जादा, दुसऱ्या वर्षात पन्नास, तिसऱ्यात साठ, चौथ्यात सत्तर. ३४१ रुपयांच्या करावर हे ओझं फार नाही. नोटीस आल्यावर कमी उत्पन्न दाखवल्याचा दंड निम्म्या करापासून सुरू होतो आणि त्यापेक्षा जास्त मनस्ताप उत्तरं देण्यात जातो.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला. त्यात हे बदललं का?

रिफंडवर व्याज आणि त्या व्याजावर कर ही रचना आयकर कायदा, २०२५ मध्येही आहे. कलमांचे क्रमांक बदलले आणि 'मूल्यांकन वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाचं विवरणपत्र मात्र १९६१ च्या कायद्याखालीच भरायचं, म्हणून वरचे क्रमांक अजून काही काळ कानावर पडतील.

माझं व्याज बेचाळीस रुपये आहे. एवढंसुद्धा लिहायचं?

लिहा. किमान मर्यादा वगैरे काही नाही. एकूण उत्पन्न शेवटी दहाच्या पटीत पूर्णांकित होतं, त्यात त्या बेचाळीसचे कधी चाळीस होतात, कधी पन्नास.